आधी पंख मोज

आधी पंख मोज, वीर्वे म्हणते,
रंगाचं नंतर. रंग कुणालाही चढवता येतो.

सारेमा बेटावर जुलैत रात्र म्हणजे
लांबलेल्या संध्याकाळीचंच एक टोक,
आणि सकाळी नऊला, जुनिपरच्या झुडपांमागे,
गाजराच्या कुळातल्या पांढऱ्या छत्र्या उघडून
कुरण बाजार मांडून बसलेलं.
मीटरभर लांब, मीटरभर रुंद चौकट. दहा मिनिटं.
येईल त्याचं नाव लिहायचं.
वही माझ्याकडे. ती काठीवर रेलून.

"गांधीलमाशी," मी लिहितो.
"खोड."
काळ्यापिवळ्या पट्ट्यांचं ते प्रकरण हवेत टांगलेलं,
खिळ्याशिवायची तसबीर.
झटक्यात बाजूला, पुन्हा जागेवर.
"गांधीलमाशीला इतकी सवड असते?
मिशा बघ. आहेत?"
असून नसल्यासारख्या.
"कंबर?"
नाही. सरळ पोटच.
"आता मोज."
दोन.
मागच्या जोडीच्या जागी टाचणीच्या माथ्याएवढ्या
दोन गाठी, त्यांच्यावर सगळा तोल.

सगळी सोंगं आणता येतात,
चार पंखांचं आणता येत नाही.

मग एक तपकिरी, केसाळ, कामात गर्क.
ही तरी मधमाशी? मी जरा घाबरतच.
"मागच्या पायावर परागाची गाठोडी आहेत का?"
नाहीत.
"मग कसली मधमाशी. हिचं बालपण गेलं
गुरांच्या डबक्यात, शेपटीनं श्वास घेत.
आता फुलाशिवाय बसत नाही, बघ तोरा."

एक मोठी, तांबूस, आली आणि गेली.
मी अंदाजानं नाव टाकणार, तर काठी वहीवर.
"मोठी, तांबूस, उडाली. एवढंच लिही.
ठाऊक नाही, हीसुद्धा नोंदच असते, तावेत."

त्या उंचवट्यावर तेव्हा मनोरा होता.
समुद्र आमच्याच दारातला, बघायला मात्र परवाना.
एक्काहत्तर साली ती जाळी घेऊन इथंच वाकलेली,
आणि मागून बूट.
हिरवी टोपी, बंदूक, गालावर तारुण्यपीटिका,
व्होलोग्दाकडचा कुणी पोरगा.
बाटलीत काय, म्हणाला.
तिला येत होतं तेवढ्या रशियनमध्ये ती म्हणाली:
माशी. नांगी नाही.
तो हसला नाही. बाटलीचं बूच काढून
त्यानं ती मुठीत घेतली, मूठ कानाशी नेली,
आणि बराच वेळ तसाच उभा, टोपी काखेत.
त्याच्याही खिशात वही होती. तिलाही रकाने:
वेळ, जागा, कोण.
"नाव विचारलं त्यानं माझं," वीर्वे सांगते,
"आणि लिहिलं नाही."

हे ती सांगते तेव्हा छत्रीवर
तिघी-चौघी एकदम उतरलेल्या,
एक तर तिच्या अंगठ्याच्या पेरावर
घाम चाटत बसलेली,
आणि वीर्वे बघतेय भलतीकडेच,
माझ्या खांद्यापलीकडच्या उजेडात.

मिशा आहेत?
कंबर?
परागाची गाठोडी?
गेले तीन उन्हाळे मला वाटत होतं
ती माझी परीक्षा घेतेय.

"हातावर काहीतरी आहे," ती म्हणते. "सांग."
मी गुडघ्यावर बसतो. श्वास आवरतो.
दोन पंख. पंखातली एक शीर खाली वाकून
वळसा घेऊन पुन्हा वर गेलेली.
डोळे टाळूवर एकमेकांना भिडलेत.
"भिडलेत? मग नर."
काठी हलत नाही, हात हलत नाही.
"अजून?"
अजून, मी म्हणतो, आणि अजून बघतो.
दहा मिनिटं केव्हाच होऊन गेलेली.